चॅनल वाढवायचंय तर परत येणारी माणसं मोजा

कोल्हापुरात आता प्रत्येक गल्लीत एक तरी चॅनल आहेच. कुणी तांबडा-पांढरा रस्सा दाखवतंय, कुणी गड फिरतंय, कुणी शाहू स्टेडियमवरनं मॅचचे व्हिडिओ टाकतंय, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतोय की व्हिडिओ चांगला झालाय, मेहनत घेतलीय, मग लोक बघत का नाहीत. मी एडिटिंगचं काम करतो त्यामुळं बऱ्याच चॅनलवाल्यांच्या शेजारी बसून त्यांचं यूट्यूब स्टुडिओ, म्हणजे चॅनलचे आकडे दाखवणारं पान, उघडून बघणं होतंय, त्यातनं जे कळलं ते सगळं इथं लिहितोय. यात पैसे टाकून वाढवायचा एकही उपाय नाही, एक माईक सोडला तर सगळं फुकटात होणारं आहे, फक्त चिकाटी लागती.

तर पहिलं म्हणजे सबस्क्रायबरच्या आकड्याकडं बघायचं सोडा. खरंच सोडा. यूट्यूब एखाद्या माणसाला कुठला व्हिडिओ दाखवायचा हे त्या माणसानं आधी काय बघितलं, किती वेळ बघितलं, काय अर्ध्यात सोडलं यावरनं ठरवतंय. त्यामुळं पाव्हण्यांच्या आणि कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "प्लीज सबस्क्राइब करा" टाकून जमवलेली माणसं पुढच्या व्हिडिओला फिरकलीच नाहीत तर त्यांचा उपयोग काहीच नाही, नुसता आकडा दिसतोय. तू मला कर मी तुला करतो हा प्रकार तर अजिबात करू नका, ते यूट्यूबच्या नियमात खोट्या एंगेजमेंटमध्ये बसतंय आणि त्यावरनं चॅनल जाऊ शकतंय, विकत घेतलेल्या सबस्क्रायबरचंही तेच.

मग बघायचं काय? स्टुडिओत ॲनालिटिक्स उघडा, त्यात ऑडियन्सचा टॅब आहे, तिथं नवीन बघणारे आणि परत येऊन बघणारे (कॅज्युअल आणि रेग्युलर) वेगवेगळे दिसतात. ती परत येणाऱ्यांची रेघ महिन्या-महिन्याला थोडी थोडी वर चालली असेल तर तुमचं चॅनल वाढतंय, मग सबस्क्रायबर दीडशे का असेनात. आणि एखादा व्हिडिओ व्हायरल होऊन लाखात गेला पण ती रेघ तशीच खाली पडून राहिली तर ती माणसं आली, बघितली, गेली. पुढचा व्हिडिओ परत दोनशेवर येतोय आणि चॅनलवाला म्हणतोय की यूट्यूबनं माझी रीच दाबली. दाबली नाही हो, त्या माणसांना परत यायला तुम्ही कारणच दिलं नव्हतं.

हे कारण शोधणं म्हणजेच निम्मं काम. एक वाक्य लिहून काढा, "माझ्या चॅनलवर आलं की अमुक अमुक कळतंय." हे वाक्य पुरं करता आलं नाही तर कॅमेरा हातात घ्यायची घाई करू नका. "कोल्हापूर व्लॉग" हे वाक्य नाही. रंकाळ्याचा ड्रोन शॉट, पन्हाळ्यावरचं धुकं, मिसळीवर ओतला जाणारा कट, हे सगळं दिसायला लय भारी आहे पण ते शेकडो चॅनलवर आहे, आणि बघणाऱ्याला ते कुणाच्या चॅनलवर बघितलं हे दुसऱ्या दिवशी आठवतसुद्धा नाही. तुमच्याकडं असं काय आहे जे पुण्यात बसलेल्या पोराला फोन घेऊन यायचं म्हटलं तरी सहज मिळणार नाही, ते शोधा.

समजा तुमच्या घरात गुऱ्हाळ आहे. बहुतेक लोक काय करतात, हिरव्या उसाचे शॉट, मागं बासरीचं म्युझिक, काहिलीतनं, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईतनं, उठणारी वाफ, शेवटी "कसा वाटला व्हिडिओ नक्की सांगा". बघणाऱ्याला काय मिळालं? आता तेच गुऱ्हाळ प्रश्नांत तोडून बघा. रस उकळताना त्यात भेंडीचं पाणी का घालतात आणि मळी, म्हणजे रसातली घाण, वर कशी येते. गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्याला, कसं कळतंय की आता काहील उतरवायची, तो पाण्यात गोळी टाकून काय बघतोय. गूळ पिवळाधमक दिसला म्हणजे चांगला का, का काळपट चांगला. काकवी कुठल्या टप्प्यावर काढतात. चुलवाणात (काहिलीखालच्या भट्टीत) चिपाडं घालणाऱ्या माणसाचं एवढं महत्त्व का असतंय. घरी आणलेल्या गुळाला पावसाळ्यात पाणी का सुटतंय. हे सहा व्हिडिओ झाले, आणि प्रत्येकाचं उत्तर तुमच्या घरातल्या माणसाला झोपेतनं उठवून विचारलं तरी येतंय. भेंडीचा व्हिडिओ बघितलेला माणूस गोळीचा व्हिडिओ बघणारच, कारण प्रश्नाला प्रश्न जोडलेला आहे. ह्यालाच परत येणं म्हणतात. गुऱ्हाळाचा हंगाम साधारण दिवाळीच्या पुढंमागं सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत असतोय, तेवढ्या काळात शूटिंग करून ठेवलं तर वर्षभर पुरवून पुरवून टाकता येतंय.

चपलेचं पण तसंच. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय, म्हणजे ही वस्तू ह्याच भागातली अशी सरकारी नोंद, मिळाली आणि जून २०२५ मध्ये प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये तसलंच पायताण दाखवलं तेव्हा देशभर आरडाओरडा झाला, पुढं कंपनीनं भारतीय कारागिरांच्या हाती बनणाऱ्या चपलेवरनं ते घेतल्याचं मान्य केलं. त्या दिवसांत घाईघाईनं बातम्यांचे स्क्रीनशॉट लावून व्हिडिओ करणारे ढीगभर होते. पण ज्याच्या चॅनलवर आधीपासून कातडं कसं कमावतात, त्यात हिरडा आणि बाभळीची साल का लागते, कापशी आणि कुरुंदवाडी या चपलेच्या प्रकारांत फरक काय, वादीची (कातड्याच्या बारीक पट्टीची) शिलाई कशी ओळखायची असले व्हिडिओ पडून असतात, त्याच्याकडं अशा वेळी आलेल्या माणसाला दाखवायला पुढचे दहा व्हिडिओ तयार असतात. ट्रेंडच्या मागं पळू नका असं मी म्हणत नाही, पळा, पण घरात माल असू द्या. आणि चपलेत रोजचे साधे प्रश्न तर किती आहेत, नवी चप्पल चावती ती मऊ कशी करायची, पावसात भिजली तर वाळवायची कशी, बनावट कशी ओळखायची. असले व्हिडिओ पहिल्या दिवशी शंभर जण बघतात पण वर्षानंतरही रोज कुणीतरी शोधत येतंय. मला असले व्हिडिओ सगळ्यात जास्त आवडतात.

याच्या उलट पुराचे व्हिडिओ. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा वाढाय लागली की सगळं कोल्हापूर राजाराम बंधाऱ्याची पाणी पातळी शोधतंय, ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका हे शाळेतल्या पोराला पण पाठ आहे. तेव्हा व्ह्यूज येतात, पण दोन दिवसांत व्हिडिओ शिळा. करायचाच असेल तर तारीख आणि वेळ व्हिडिओत बोला, टायटलमध्ये लिहा, आणि २०१९ किंवा २०२१ चं जुनं फुटेज नवीन म्हणून कधीच टाकू नका. त्या व्हिडिओवरनं माणसं घर सोडायचं का नाही ठरवत असतात, जनावरं हलवत असतात. इथं व्ह्यूजचा हिशोब करायचाच नाही.

आता पहिली ३० सेकंदं. स्टुडिओत कुठलाही व्हिडिओ उघडून रिटेन्शनचा, म्हणजे माणसं कुठपर्यंत टिकली त्याचा, ग्राफ बघा, तिथं ३० सेकंदांला किती टक्के माणसं टिकली हे वेगळं लिहून येतंय. माझ्यासमोर आलेल्या बहुतेक ग्राफमध्ये सगळी पडझड इथंच असती. कारण काय, तर आधी लोगो फिरतोय, मग "नमस्कार मित्रांनो मी तुमचा लाडका", मग सबस्क्राइब करा, बेल आयकॉन दाबा, मग आज आपण कुठं आलोय, मग गाडीतनं रस्ता. माणूस टायटल बघून एका गोष्टीसाठी आलेला असतोय, दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाला आधी मालकाचा सत्कार दाखवला तर ते थांबेल का? पहिल्या वाक्यात तीच गोष्ट काढा जी टायटलमध्ये कबूल केलीय. गुळाच्या व्हिडिओत पहिल्याच शॉटला काहील उतरवतानाचा क्षण घ्या आणि बोला, "ही काहील दोन मिनिटं उशिरा उतरवली तर अख्खं आदण, काहिलीतला सगळा रस, वाया जातंय, आणि ती वेळ कळायला आमच्याकडं घड्याळ नाही, ही गोळी आहे." झालं. आता माणूस गोळी बघितल्याशिवाय जात नाही. तुमचं नाव, गाव, सबस्क्राइबचं काय ते मधे कुठंतरी सांगा, एखादी उपयोगाची गोष्ट सांगून झाल्यावर, तेव्हा तो मनापासून दाबतोय.

ग्राफमध्ये पुढं जिथं अचानक खड्डा पडलाय तिथं जाऊन आपलाच व्हिडिओ बघा, तिथं हमखास काहीतरी लांबलेलं असतंय, आणि जिथं उंचवटा आलाय तिथं माणसांनी मागं नेऊन परत बघितलंय. त्या उंचवट्यातनं पुढच्या व्हिडिओचा विषय मिळतोय. कमेंटमधनं पण मिळतोय, कुणीतरी "मालक तेवढं मसाल्याचं प्रमाण सांगा की" म्हणून लिहिलं की तो पुढचा व्हिडिओ झाला, आणि तो टाकल्यावर त्याच कमेंटखाली जाऊन सांगा की तुमच्यासाठी केलाय. तो माणूस तुमचा झाला.

थंबनेल, म्हणजे व्हिडिओ उघडायच्या आधी दिसणारं चित्र, आणि टायटल हे व्हिडिओ काढायच्या आधी ठरवा, नंतर नाही. आपल्या गावात हे सांगायला लागू नये खरं तर. बाबूराव पेंटर आधी नाटकाचे पडदे रंगवायचे, मग स्वतः कॅमेरा तयार केला, इथंच महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि सिनेमाची पोस्टरं पण स्वतः रंगवायचे, म्हणजे सिनेमा दाखवायच्या आधी माणूस थिएटरच्या बाहेर कसा थांबेल याचा विचार ह्या शहरात शंभर वर्षांपूर्वी झालाय. थंबनेल म्हणजे पोस्टरच, फक्त ते बोटाच्या पेराएवढं दिसतंय. म्हणून त्यात एकच गोष्ट मोठी घ्या, एक चेहरा किंवा एक काहील किंवा एक चप्पल, अक्षरं चार शब्दांच्या वर नकोत, आणि तयार झाल्यावर फोन हातभर लांब धरून बघा वाचता येतंय का. साईझ १२८० बाय ७२०. स्वतःचं थंबनेल टाकायला फोन नंबर व्हेरिफाय करायला लागतोय, नवीन लोक इथंच अडकतात. तुमच्या अकाउंटला थंबनेलची टेस्ट आलेली असेल तर तीन वेगवेगळी टाकून यूट्यूबलाच ठरवू द्या कुठलं चालतंय.

क्लिक थ्रू रेट, म्हणजे थंबनेल दिसलेल्या शंभरातनं किती जणांनी ते दाबलं, तो बघून उगाच घाबरू नका. यूट्यूब स्वतः सांगतंय की निम्म्या चॅनलांचा आणि व्हिडिओंचा हा आकडा २ ते १० टक्क्यांच्या मधे असतोय. शेजाऱ्याशी तुलना न करता आपल्याच मागच्या व्हिडिओंशी करा. आणि खोटं थंबनेल लावून हा आकडा वर नेता येतो, पण माणूस वीस सेकंदांत निघून जातोय आणि परत तुमचं नाव दिसलं की टाळतोय.

टायटल मराठीत देवनागरीत लिहा, पण आपली माणसं सर्च करताना निम्मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप करतात हे ध्यानात ठेवा, म्हणून डिस्क्रिप्शनच्या पहिल्या दोन ओळींत तेच शब्द इंग्रजी अक्षरांत पण येऊ द्या, वाक्यात बसवून, नुसती शब्दांची रांग लावून नको. टॅगवर तासभर घालवायची गरज नाही, त्यांचा उपयोग स्पेलिंगच्या चुकांपुरताच असतोय. हॅशटॅग दोन-तीन बास, ६० च्या वर गेले तर यूट्यूब सगळेच सोडून देतंय.

बोलायचं कसं, हा प्रश्न मला लय जण विचारतात. प्रमाण भाषेत बोलू का कोल्हापुरीत? तुम्ही घरात जसं बोलता तसं बोला. पुस्तकी बोलायला गेलं की आवाज बदलतोय, चेहरा आखडतोय आणि बघणाऱ्याला ते लगेच कळतंय. कोल्हापुरी बोलण्यात जो ठसका आहे तो पुण्या-मुंबईत आणि दुबईत राहणाऱ्या आपल्या माणसांना हवाच असतोय. फक्त एक करा, जे शब्द बाहेरच्याला कळणार नाहीत, चुलवाण, आदण, वादी, ते पहिल्यांदा आले की वस्तूवर कॅमेरा न्या. शब्द बदलायला लागत नाही, दाखवला की कळतोय. शिव्या मात्र टाळा, त्यानं जाहिराती कमी लागतात आणि घरातल्या बायका-पोरांसमोर माणूस तुमचा व्हिडिओ लावत नाही.

सामानाचं थोडक्यात. फोन आहे तोच चालतोय, पहिला खर्च कॉलर माईकवर करा. चित्र थोडं मऊ आलं तर माणूस बघतोय, आवाज खरखरला तर लगेच जातोय. रंकाळ्यावर वारा असतोय तिथं माईकला फोमची टोपी पाहिजेच, उद्यमनगरात लेथ चालू असताना मुलाखत घेऊ नका, जेवणाच्या सुट्टीत घ्या. फोन एअरप्लेन मोडवर.

शॉर्ट्सबद्दल मतं टोकाची आहेत. माझं मत असं की शॉर्ट्स ओळख करून द्यायला चांगल्या, पण नुसत्या शॉर्ट्सवर चॅनल उभं करायचं म्हणजे रोज नवीन माणूस धरायचा. १५ ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्ट तीन मिनिटांची करता येती, म्हणून लोक अख्खी गोष्ट तिच्यातच संपवतात, मग मोठा व्हिडिओ बघायला कोण येणार? मोठ्या व्हिडिओतला एक प्रश्न शॉर्टमध्ये सोडवा आणि रिलेटेड व्हिडिओचा जो पर्याय असतोय तिथं मोठा व्हिडिओ जोडा. शॉर्टच्या डिस्क्रिप्शनमध्ये किंवा कमेंटमध्ये लिंक टाकून काही होत नाही, तिथली लिंक दाबलीच जात नाही. आणि मार्च २०२५ च्या शेवटापासून शॉर्ट नुसती चालू झाली तरी व्ह्यू मोजला जातोय, त्यामुळं तो मोठा आकडा बघून हुरळून जाऊ नका, कमाईच्या हिशोबाला एंगेज्ड व्ह्यूज, म्हणजे माणूस खरंच थांबून बघतोय ते, वेगळे धरतात.

कधी टाकायचं? आठवड्याला एक जमत असेल तर एकच, पण तो ठरलेल्या वारी. ऑडियन्स टॅबमध्ये तुमची माणसं कधी यूट्यूबवर असतात ते दिसतंय, त्याच्या तासभर आधी टाका. सणवाराचे विषय मात्र आधी तयार पाहिजेत, अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव, जोतिबाची चैत्र यात्रा, नवरात्र. जोतिबाला गाडी कुठं लावायची, चालत गेलं तर कुठनं जायचं हे माणूस यात्रेच्या आधी शोधतोय, यात्रा झाल्यावर कोण बघणार. देवळात शूटिंग करायच्या आधी परवानगीचं विचारून घ्या. फुटबॉलवाल्यांना तर सोन्याची खाण आहे, पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, प्रत्येक पेठेला आपापल्या टीमचा जीव आहे. पण नुसते गोल दाखवून परत येणं होत नाही. टीममधल्या पोराची सकाळची प्रॅक्टिस, जुना खेळाडू आजची मॅच कशी बघतोय, असल्या गोष्टींना माणूस चिकटतोय. खासबागच्या कुस्तीचं तेच, एक डाव घ्या, तालमीत वस्तादांकडनं तो हळू करून घ्या, मग मैदानातला दाखवा.

व्हिडिओच्या शेवटी शेवटची ५ ते २० सेकंदं एंड स्क्रीन लावता येतोय, तिथं "पुढचा व्हिडिओ" म्हणून कुठलाही लावू नका, आत्ताच्या प्रश्नातनं जो प्रश्न निघतोय त्याचाच लावा आणि तोंडानं सांगा. "धन्यवाद, भेटूया" म्हटलं की माणूस उठलाच. एका विषयाच्या व्हिडिओंची प्लेलिस्ट करा, दहा मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक जण करत नाहीत.

दोन-तीन ठिकाणी सांभाळा. अपलोड करताना "मुलांसाठी बनवलाय का" असं विचारतात, तिथं रेसिपी किंवा शेतीच्या व्हिडिओला लोक चुकून हो म्हणतात, मग कमेंट बंद होतात आणि माणसं का बोलत नाहीत कळत नाही. सिनेमातलं गाणं मागं लावू नका, गाण्याच्या मालकाचा क्लेम (हक्काचा दावा) आला तर कमाई गाण्याच्या मालकाला जाऊ शकती आणि कॉपीराइट स्ट्राइक ९० दिवसांत तीन झाले तर चॅनलच जातंय. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत फुकट म्युझिक आहे, आणि त्याहून भारी म्हणजे हलगी वाजवणाऱ्याला विचारून त्याचंच रेकॉर्ड करा, त्याचं नाव द्या. ज्यांना शूट करताय त्यांना आधी विचारा, विशेषतः कामावरच्या बायका आणि लहान पोरं, आणि कुणी नंतर काढ म्हटलं तर काढा.

पैशाचं शेवटी लिहितोय कारण ते शेवटीच येतंय. ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन व्हिडिओ आणि वर्षात ३,००० तास बघितलं गेलं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज झाले, की मेंबरशिप, सुपर थँक्स असलं चालू होतंय. जाहिरातीच्या पैशाला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास लागतात, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. शॉर्ट्स फीडमधला वेळ त्या ४,००० तासांत धरत नाहीत. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के तुमचे, शॉर्ट्सचे ४५. पण गुऱ्हाळवाला, चपलेवाला, हुपरीचा चांदीवाला, घरगुती मसाला करणारी ताई, यांनी जाहिरातीच्या पैशाची वाट बघूच नये, परत येणारी पन्नास माणसं सुद्धा ऑर्डर देतात, तेवढ्यासाठी दुकानाचं नाव आणि ऑर्डर कशी करायची हे पिन केलेल्या कमेंटमध्ये आजच लिहून ठेवा.

ॲडसेन्समध्ये, म्हणजे जाहिरातीचे पैसे जमा होणाऱ्या गुगलच्या खात्यात, १० डॉलर झाले की गुगल पोस्टानं घरी पिन, म्हणजे पत्ता तपासायचा नंबर, पाठवतंय, तो चार महिन्यांत टाकला नाही तर जाहिराती थांबतात. म्हणून पत्ता भरताना पेठ, गल्ली, जवळची खूण, पिनकोड सगळं पोस्टमनला कळेल असं लिहा, आणि नाव बँकेच्या पासबुकावर आहे तसंच, अक्षर न बदलता. बँकेच्या खात्यावर पैसे १०० डॉलर झाल्याशिवाय येत नाहीत.